‘यांचा जन्म इंदूर येथे झाला’ : यापुढे गाडी सरकत नाही

भोंग्यापाशी | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे. विषय क्षुल्लक आहे, पण तीन आठवडे झाले, सुटत नाहीये.

माझं एक पुस्तक येतंय. पहिलंच, आणि तेही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तेव्हा बहुधा शेवटचंही. इंदूरच्या मिल एरियात गेलेलं लहानपण, तिथल्या चाळी, पाळीचा भोंगा, डबे पोचवणारी पोरं, असे लेख गेली बारा वर्षं इकडेतिकडे छापून आले होते. पुण्याच्या एका प्रकाशकांनी ते एकत्र करायचं ठरवलं. अर्पणपत्रिका झाली, मनोगत झालं (त्यात निदान ‘मी’ म्हणता येतं), प्रुफं दोनदा वाचून झाली. आता मागच्या पानासाठी ऐंशी शब्दांत लेखिकेचा अल्पपरिचय आणि एक फोटो द्यायचा राहिलाय. “फोटो जरा लेखिकेसारखा असू द्या, पासपोर्टचा नको,” असं फोनवर सांगण्यात आलं.

परिचयाचं पहिलं वाक्य लिहिलं : ‘यांचा जन्म इंदूर येथे झाला.’ आणि अडले. यांचा म्हणजे कुणाचा? माझाच ना? मग मी मला ‘यांचा’ कधीपासून म्हणायला लागले? चौतीस वर्षं बँकेत गेली. ‘अधोस्वाक्षरीकर्ती’ म्हणून किती कागद लिहिले असतील, मोजदाद नाही. कधी लाज वाटली नाही. पण ‘त्या निवृत्त झाल्या असून त्यांना वाचनाची आवड आहे’ असं मीच लिहायचं म्हणजे स्वतःच पाट मांडायचा, स्वतःच रांगोळी काढायची आणि स्वतःलाच म्हणायचं, या, बसा.

इंग्रजीत ‘शी’ म्हटलं की मिटलं, राणीही शी आणि भाजीवालीही शी. हिंदीत आपल्यासारखंच आदरार्थी आहे, पण गंमत म्हणजे बँकेच्या गृहपत्रिकेत माझा परिचय मीच हिंदीत लिहिला होता आणि काही वाटलं नव्हतं. आम्हा इंदूरकरांना हिंदी ही बाहेर जातानाची साडी. मराठीत मी घरात असते, आणि घरात कुणी स्वतःला अहोजाहो करतं का? बरं, ‘ती’ लिहून बघितलं. ‘ती इंदूरला वाढली. तिला वाचायला आवडतं.’ हे वाचलं की शेजारणीबद्दल कुजबुजतेय असं वाटतं.

घरी विचारलं. आमचे हे म्हणाले, “लिही ना ‘सुप्रसिद्ध लेखिका’, कोण तपासायला येतंय?” मुलीनं कुठल्याशा ॲपकडून लिहून आणलं. त्यात ‘मातीशी नाळ जोडलेली संवेदनशील लेखणी’ असं होतं. मिल एरियात माती कुठली, नाकातोंडात सगळा कापसाचा तूस.

फोटोचं रामायण वेगळं आहे, ते नंतर सांगते. आधी हे सांगा, ज्यांनी असे परिचय लिहिलेत त्यांनी काय केलं?

---

प्रूफवाचक | सोमवार, रात्री १०:४०

ताई, अभिनंदन.

मी बरीच वर्षं प्रुफं वाचतो, त्यामुळे मागची पानं भरपूर पाहिलीत. आतली गोष्ट सांगतो. जवळजवळ सगळे परिचय लेखकानं स्वतःच लिहिलेले असतात. वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं. तरीही सगळे मिळून असं दाखवतात की कुणी तिसऱ्यानंच लिहिलंय. लग्नात ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ लिहितो तसंच हे. तिथे श्रीकृपेचा हिशोब कुणी मागत नाही.

एक निरीक्षण : पुस्तक जितकं बारीक, परिचय तितका जाडा. बहात्तर पानांच्या कवितासंग्रहाला दीड पानाचा परिचय आला होता. त्यात कवी कोणकोणत्या समित्यांचे सदस्य होते ते सगळं होतं, एका गृहनिर्माण संस्थेसकट.

तुम्ही त्याकडे कौतुक म्हणून बघताय म्हणून अडतंय. ग्रंथालयात एकाच नावाच्या दोन लेखिका निघाल्या तर जन्मसाल आणि गाव बघून त्या वेगळ्या करतात. तेवढ्यापुरतं लिहा. जन्मसाल, गाव, काम. बस.

आणि ‘ती’ लिहून पाठवू नका. आमच्यासारखा कुणीतरी ते ‘त्या’ करणारच.

---

सराफ्यात_अकरानंतर | सोमवार, रात्री ११:५५

मावशी, सोपं आहे. क्रियापदच नका ठेवू. ‘जन्म इंदूर. नोकरी बँक. छंद वाचन.’ क्रियापद नाही तर ती-त्याचा टंटाच नाही भिया.

---

भोंग्यापाशी | मंगळवार, सकाळी ७:२०

@सराफ्यात_अकरानंतर, रात्री बारा वाजता गराडू खाता खाता सुचलेलं दिसतंय. लिहून बघितलं बरं का. लग्नाच्या बायोडाट्यासारखं दिसतंय. रास, गण आणि ‘वर्ण निमगोरा’ एवढंच राहिलंय.

@प्रूफवाचक, गृहनिर्माण संस्था!! पण खरं सांगू का, त्या कवीचं मला थोडं कळतं. काहीतरी लिहायला हवं आणि ‘मी कवी आहे’ हे लिहायला धीर होत नाही, म्हणून माणूस समित्या लिहीत सुटतो. मीही पहिल्या खर्ड्यात बँकेच्या शाखा लिहिल्या होत्या. सहा शाखा.

---

लष्करचे_काका | मंगळवार, सकाळी ९:०५

ग्वाल्हेरहून नमस्कार.

बाईसाहेब, तुमचा संकोच जुना आहे. दासबोधातली मूर्खलक्षणं बघा : ‘आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति । सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥’ म्हणजे स्वतःची स्तुती तर बंदच, शिवाय ‘अमुक घराण्यात जन्म’ हीही वाट बंद. समर्थांनी मागचं पान दोन्ही बाजूंनी शिवून टाकलंय.

पण तुकोबांचं उदाहरण याहून जवळचं. संतांनी विचारलं, तुमची हकीकत सांगा. त्यावर त्यांनी जो अभंग रचला (‘याती शूद्र वंश’ हा) त्यात आधीच सांगून टाकलंय : ‘नये बोलों परि पाळिलें वचन’. बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून शब्द पाळतो. आणि मग काय सांगितलं? व्यवसायात तोटा आला, दुष्काळात पैसा आणि मान गेला, एक बायको ‘अन्न अन्न’ करत मेली, लाज वाटली, वह्या बुडवल्या आणि धरणं धरून बसलो. परिचयात एकही शाल नाही, एकही श्रीफळ नाही.

आता तुमच्या व्याकरणाचं. तुकोबांनी आयुष्यभर अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव तृतीयपुरुषातच घातलं. ‘तुका म्हणे.’ जनाबाईंनी ‘जनी म्हणे’, चोखोबांनी ‘चोखा म्हणे’. तृतीयपुरुष आहे, पण आदरार्थी नाही, उलट नाव तोडून निम्मं केलंय. दारात उभं राहून आई हाक मारते तसं. तेव्हा ‘ती’ला घाबरू नका. मराठीत तिला सातशे वर्षांचा आधार आहे.

---

भोंग्यापाशी | मंगळवार, सकाळी ९:४८

काका, ‘नये बोलों’ वाचून अंगावर काटा आला. पण ‘तुका म्हणे’ म्हणायला आधी तुका असावं लागतं हो. मी तसं लिहिलं तर लोक म्हणतील, बाईला विनयाची फार हौस.

---

शिशिरा | मंगळवार, दुपारी १:३०

थोडं कडू बोलते, राग मानू नका.

हा धागा एखाद्या पुरुषानं काढला असता का? आमच्या कॉलनीत एका काकांचं पुस्तक आलं. परिचयात ‘ज्येष्ठ विचारवंत’ असं त्यांनी स्वतः लिहिलंय आणि त्यांना रात्री छान झोप लागते. संकोच कुणाला शिकवला जातो ते बघा. रमाबाई रानड्यांचं पुस्तक १९१० सालचं, त्याचं नावसुद्धा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ‘माझ्या’ नाही. १८७८ साली सुरू झालेल्या साहित्य संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती थेट १९६१ मध्ये, कुसुमावती देशपांडे. (ते संमेलन काकांच्या ग्वाल्हेरलाच झालं होतं.) लेखिका कशी दिसते याचं चित्रच कुणी आपल्याला फार दाखवलं नाही, मग फोटो काढताना हात कुठे ठेवायचे ते कुठून कळणार?

आणि संकोच परवडणारा असतो आणि न परवडणाराही असतो. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. ही बाई कोण, की बुवाच आहे, यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. खऱ्या लेखिका मालतीबाई बेडेकर, त्यांना नाव लपवावं लागलं, कारण नाव कळलं असतं तर निभाव लागणं कठीण होतं. त्यांच्यापुढे ‘ती लिहू की त्या’ ही चैन आहे, ताई. ‘त्या’ लिहा. मोठ्या टायपात लिहा.

---

प्रूफवाचक | मंगळवार, दुपारी २:१५

@शिशिरा, बरंचसं पटलं. पण पुरुषही अडतात हो. एका शेतकरी कादंबरीकारानं परिचयाच्या जागी फक्त गट नंबर, तालुका आणि जिल्हा लिहून पाठवला होता. प्रकाशकांना वाटलं, मानधनासाठी पत्ता दिलाय.

आणि ‘बी’ कवी आठवा. नारायण मुरलीधर गुप्ते. कवितेखाली नाव काय, तर एक अक्षर. तेही इंग्रजी मधमाशी.

---

शिशिरा | मंगळवार, दुपारी २:३२

गट नंबर मस्त आहे. तेवढं मागे घेते. बाकीचं नाही.

---

कोण_वाचतंय | मंगळवार, दुपारी ४:००

परिचय कुणी वाचत नाही. पुस्तकही कुणी वाचत नाही. भाचेकंपनीला वाटायला दोनशे प्रती ठेवा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

नर्मदेकाठी | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

इंदूरचा धागा आणि अहिल्याबाईंचा किस्सा अजून कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो.

सर जॉन माल्कमनं मध्य हिंदुस्थानावर जे पुस्तक लिहिलं (१८२३ चं), त्यात हे आहे. अहिल्याबाईंच्या स्तुतीपर एका ब्राह्मणानं ग्रंथ लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे सगळा ऐकला. मग म्हणाल्या, मी एक दुबळी, पापी बाई, मला एवढी स्तुती शोभत नाही. आणि ग्रंथ नर्मदेत टाकून द्यायला सांगितला. राजधानी महेश्वरला होती, नदी दाराशीच.

ही गोष्ट आमच्याकडे शाळेत विनयाची म्हणून सांगत. मला मात्र नेहमी त्यातलं ‘सगळा ऐकला’ हे महत्त्वाचं वाटतं. मध्येच थांबवलं नाही. पुरं ऐकून घेतलं, आणि मग हे माझ्याबद्दल नाही असं ठरवलं.

---

सराफ्यात_अकरानंतर | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

आणि त्या लेखकाचं काय झालं??

---

नर्मदेकाठी | मंगळवार, संध्याकाळी ७:३१

माल्कम म्हणतो, त्या लेखकाकडे त्यांनी पुन्हा लक्ष दिलं नाही. बस, एवढंच. त्याचं नावही दिलेलं नाही.

---

सराफ्यात_अकरानंतर | मंगळवार, संध्याकाळी ७:३३

बिचारा. एकच प्रत असणार. बॅकअप नाही काही नाही.

---

लष्करचे_काका | मंगळवार, रात्री ८:००

इंद्रायणीत वह्या, नर्मदेत ग्रंथ. एकानं स्वतःचं बुडवलं, एकीनं स्वतःबद्दलचं.

---

भोंग्यापाशी | मंगळवार, रात्री १०:०५

वाह. आमच्या वाट्याला कान्ह नदी आहे, तिच्यात टाकलं तर कागद वाहूनही जाणार नाही.

शिशिरा, कडू काही नाही, बरोबर बोललीस. पण माझ्या अडचणीचा एक धागा त्यात बसत नाही, तो फोटोपाशी येतो. सांगते.

मागच्या गुरुवारी फोटो काढायला गेले. घरात काढायचा तर मागे पुस्तकांचं कपाट हवं. आमच्याकडे काचेचं एकच कपाट, त्यात खालच्या खणात पुस्तकं, मधल्यात एलआयसीच्या डायऱ्या आणि वर नातवाच्या मुंजीत आलेले स्टीलचे डबे. म्हणून स्टुडिओ. तो मुलगा चांगला होता. त्याच्याकडे पुस्तकांचा पडदा होता. जाडजूड चामडी बांधणीची, सगळी एकसारखी, वकिलाच्या ऑफिसात असतात तशी. माझ्या हातात एक पेन दिलं. “हनुवटीला लावा. आता इकडे नका बघू, विचार करताय असं बघा.” मी विचार करायला लागले तर तो म्हणाला, “आंटी, एवढा नाही.” शेवटी म्हणाला, “ठीक आला, पण अजून लेखिका नाही वाटत.” मी विचारलं, मग काय वाटतंय? “बँकवाली.”

पोरगं खोटं बोललं नाही, म्हणून हसू आलं. पण घरी येऊन फोटो बघितला आणि पोटात कसंसंच झालं. गालावरचा तीळ त्यानं पुसून टाकला होता. सुरकुत्या कमी केल्या होत्या. आणि चेहऱ्यावर ती एक शांत, सगळं आवरून झालेली नजर. ही नजर मी आधी कुठे पाहिली होती ते रात्री दीडला आठवलं. आमच्या आत्याच्या फोटोत.

आत्या सत्तर वर्षांची झाली तेव्हा आपण होऊन स्टुडिओत गेली, नऊवार नेसून. फोटो आणला, वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाली, “हा ठेवून दे. मागाहून तुमची धावपळ नको.” त्यानंतर ती चौदा वर्षं ठणठणीत होती. तो फोटो कपाटात साड्यांखाली वाट बघत होता. ती गेली तेव्हा खरंच धावपळ झाली नाही.

तर आता बघा. फोटो, शांत नजर. खाली ‘यांचा जन्म अमुक साली, अमुक गावी. त्यांनी अमुक वर्षे सेवा केली. त्या मनमिळाऊ होत्या.’ आहेत-होत्याचा काय तो फरक. मला माझं मागचं पान वाचताना आपण दहाव्याला आलोय असं वाटतं, आणि सगळ्यांना चहा मिळालाय का ते बघायला उठावंसं वाटतं.

---

शिशिरा | मंगळवार, रात्री १०:२०

ताई. हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

सराफ्यात_अकरानंतर | बुधवार, रात्री १२:४०

मावशी, मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे, आता थोडं सीरियस लिहितो.

आपल्या गावातच एक माणूस होऊन गेला ज्याला हा प्रश्नच पडला नसावा असं वाटतं. यशवंतराव होळकर दुसरे, माणिकबागवाले. फ्रेंच चित्रकार बुते द मोन्व्हेल यानं त्यांची दोन मोठी पोर्ट्रेट केली. एकात पाश्चात्त्य संध्याकाळचा पोशाख, काळा, लांबसडक. दुसऱ्यात पांढरा मराठा दरबारी पोशाख, पगडी, बैठक. माणूस तोच, तोच निमुळता चेहरा, तीच लांब बोटं. मॅन रेनं त्यांचे फोटोही काढले. आम्हाला सर विचारतात, यातलं खरं कोणतं? वर्गात भांडणं होतात. मला वाटतं, दोन आहेत म्हणूनच बरं आहे. एकच असतं तर तेच खरं धरून बसलो असतो.

तर तुम्ही एकच फोटो देताय ही अडचण आहे. दोन द्या. नाहीतर असा द्या, ज्यात तुम्ही ‘लेखिका’ नाही आणि ‘कै.’पण नाही, दुसरंच काहीतरी करताय.

अवांतर : लाला दीनदयाळ, पुढे निजामाचे फोटोग्राफर झाले ते, सुरुवातीला इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. नोकरी करता करता १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या नादी लागले. म्हणजे त्या स्टुडिओवाल्या पोराला सांगायचं, इंदूरात ड्राफ्ट्समन फोटोग्राफर होतो, तर बँकवाली लेखिका का नाही होणार?

---

भोंग्यापाशी | बुधवार, सकाळी ६:५०

हे शेवटचं मी त्याला जाऊन सांगणार आहे.

---

ओवीबद्ध | बुधवार, सकाळी ११:१५

उशिरा आले. सगळा धागा वाचला, छान चाललंय. एका शब्दाबद्दल लिहिते : ‘लेखक’.

ज्ञानेश्वरीच्या अगदी शेवटी ओवी आहे : ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. नीट बघा, या ओवीत लेखक कोण आहे? ज्ञानेश्वर नाहीत. त्यांनी ‘टीका केली’. लेखकु म्हणजे उतरवून घेणारा, सच्चिदानंदबाबा. माउली बोलल्या आणि यानं आदरानं लिहून घेतलं.

म्हणजे मराठीतल्या एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या मागच्या पानावर (मागचं पानच की ते!) ‘लेखक’ हा शब्द ज्याला लावलाय तो लेखनिक आहे. आज आपल्याला जो शब्द जड वाटतो तो तेव्हा कामाचा शब्द होता. सुतार, लोहार, लेखकु.

तुम्ही मिल एरियातल्या लोकांचं लिहिलंय ना? बोलले ते. तुम्ही आदरानं लेखकु जाहलात. तेवढं म्हणायला लाज कशाला?

---

भोंग्यापाशी | बुधवार, सकाळी ११:४०

ओवीबद्ध, तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही काय केलंत.

मी बँकेत लागले ते क्लार्क म्हणून, आणि दोनदा बढती नाकारून (बदली झाली असती, सासूबाई अंथरुणावर होत्या) क्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. पहिल्या खर्ड्यात ते सहा शाखांच्या आड लपवलं होतं, आता कबूल करते. म्हणजे चौतीस वर्षं मी लेखकुच होते की.

---

लष्करचे_काका | बुधवार, सकाळी ११:५२

‘लेखकु जाहली.’ छापा!

---

प्रूफवाचक | बुधवार, दुपारी १२:१०

काका, छापू नका. तळटीप द्यावी लागेल, आणि ऐंशी शब्दांच्या परिचयाला तळटीप म्हणजे पुन्हा विनयाची हौस.

---

भोंग्यापाशी | पुढच्या मंगळवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. पाठवलं एकदाचं. तुम्हा सगळ्यांचा हात लागलाय म्हणून इथे देते :

‘जन्म १९६१, इंदूर. वडील मिलमध्ये जॉबर. मी बँकेत चौतीस वर्षे क्लार्क होते; लोकांचे फॉर्म भरून देताना त्यांच्या गोष्टी ऐकण्याची सवय लागली. यातल्या पुष्कळ गोष्टी त्यांच्या आहेत. पत्ते बदलले आहेत. गालावर तीळ आहे.’

क्रियापदांवाचून सुरुवात केली, मग ‘मी’वर घसरले. शिशिरा, ‘त्या’ नाही जमलं गं. पण ‘मी’ मोठ्यानं म्हटलंय.

प्रकाशकांच्या ऑफिसातून आज प्रूफ आलं. त्यात असं आहे : ‘त्या बँकेत चौतीस वर्षे क्लार्क होत्या.’ आणि ‘त्यांच्या गालावर तीळ आहे.’

---

प्रूफवाचक | मंगळवार, रात्री ९:४१

मी नाही. शपथ. पण मी असतो तर तेच केलं असतं. तीळ मात्र काढला असता.

---

भोंग्यापाशी | मंगळवार, रात्री ९:५०

फोन करून पुन्हा ‘मी’ करून घेतलं. “बाकी सगळ्या पुस्तकांना तृतीयपुरुषी आहे, एकसारखेपणा राहत नाही,” म्हणाले. “असू द्या,” म्हटलं.

फोटोही मिळाला. स्टुडिओतला नाही. निवृत्तीच्या दिवशी शाखेत सगळ्यांचा काढला होता, त्यातून माझं तोंड कापून घेतलं. त्यात मी कुणावर तरी ओरडतेय, बहुतेक समोसे मोजून आणले नाहीत म्हणून. तीळ आहे. पण कापताना माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला. प्रकाशक म्हणाले, तो हात पुसून टाकू. नको म्हटलं. आता शाखेतल्या दोन मैत्रिणी, दोघी म्हणतायत तो हात माझा. एक म्हणते, बांगड्या बघ. दुसरी म्हणते, तसल्या बांगड्या तेव्हा सगळ्यांकडेच होत्या. दोन दिवस फोन चालू आहेत.

---

शिशिरा | मंगळवार, रात्री ९:५८

ताई, सगळं झालं, पण पुस्तकाचं नाव काय? अख्ख्या धाग्यात कुठेच सांगितलं नाहीत.

---

सराफ्यात_अकरानंतर | मंगळवार, रात्री १०:०१

अरे हो!! नाव??

---

भोंग्यापाशी | मंगळवार, रात्री १०:२०

व्यक्तिगत निरोप केलाय.